पाणी शांत आहे, गाईड सोबत आहे; तरीही फॉर्मवर खरंच लिहा



दिवाळी झाली, थोडी थंडी पडली की आमच्या जांबे, मारुंजी, नेरे भागातल्या रुग्णांकडून एक ठरलेला प्रश्न यायला लागतो. सर्दी-खोकल्याची किंवा बीपीची चिठ्ठी लिहून झालेली असते. रुग्ण उठतात, दारापर्यंत जातात आणि वळून विचारतात, "डॉक्टर, या शनिवार-रविवारी कोकणात चाललोय. खाडीत ते पॅडलबोर्डिंग असतं ना, ते केलं तर चालेल? पाणी एकदम शांत असतं म्हणे, आणि गाईड असतो सोबत."

बरीच वर्षं माझं उत्तर ठरलेलं होतं, "हो हो, जाऊन या, मजा करा." आता मी असं म्हणत नाही. आता मी त्यांना परत खुर्चीवर बसवतो आणि चार प्रश्न विचारतो. हा बदल का झाला आणि ते प्रश्न कोणते, हे आज सांगायचं आहे.

आधी, हा प्रकार आहे तरी काय?

साधारण दहा-अकरा फूट लांब आणि अडीच फूट रुंद अशी एक फळी असते. बहुतेक ठिकाणी ती हवा भरून फुगवलेली असते. तिच्यावर आधी गुडघ्यांवर बसायचं, तोल सापडला की उभं राहायचं आणि एका लांब वल्ह्याने पाणी मागे सारत पुढे जायचं. वेग आपल्या चालण्याएवढाच असतो. शिकायला अर्धा तास पुरतो.

हे खारफुटीच्या जंगलात का करतात? खारफुटीमुळे लाटा आणि वारा अडतात आणि आतल्या चिंचोळ्या फाट्यांमध्ये पाणी आरशासारखं सपाट असतं. नवख्या माणसाला उभं राहायला ते सोपं जातं. कोकणात आणि गोव्यात आता अनेक खाड्यांमध्ये अशा सफरी निघतात. पुढे गाईड, मागे पाच-सहा जणांची रांग, दोन्ही बाजूंना तिवर, कांदळ, चिप्पी. यातली पांढरी चिप्पी २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष आहे. चिखलातून वर आलेली तिची मुळं पाहा. ती श्वास घेण्यासाठी वर येतात, कारण खालच्या चिखलात हवा नसते. चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या दिसतील, खंड्या दिसेल. मोबाईलवर हे कळत नाही, तिथे जाऊनच बघावं.

माझं मत: जा, जरूर जा

गैरसमज नको म्हणून हे आधीच सांगतो. मी या प्रकाराच्या विरोधात नाही. आमच्या भागातले निम्मे रुग्ण दिवसाचे नऊ-दहा तास खुर्चीत बसतात आणि दोन तास हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये. त्यांची कंबर, मान आणि झोप यांचं काय झालंय ते मी रोज पाहतो.

फळीवर उभं राहिलं की तळपायापासून पोटरी, मांड्या, पोट आणि पाठीपर्यंतचे छोटे-छोटे स्नायू सतत काम करत राहतात. व्यायामाची तीव्रता मध्यम असते. मध्यम म्हणजे काय? बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही, ती मध्यम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला निदान १५० मिनिटं असा व्यायाम करायला सांगते. एका सफरीने तो कोटा कायमचा भरत नाही, पण ज्यांनी दहा वर्षांत शरीर हलवलेलं नाही त्यांना "आपल्याला जमतं" हे कळतं, आणि तिथून चालणं सुरू झालेले रुग्ण माझ्याकडे आहेत. हिरवळ आणि पाणी यांच्यात काढलेल्या दोन तासांनी मनाला जी विश्रांती मिळते, ती मी गोळीत देऊ शकत नाही.

मग मी खुर्चीवर परत का बसवतो?

एका रुग्णाची गोष्ट

त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही अशा बेताने लिहितो आहे.

वय पस्तिशीच्या आत. सॉफ्टवेअरमध्ये नोकरी. काही वर्षांपूर्वी आकडी यायला लागली, म्हणजे आपण ज्याला फिट येणं किंवा अपस्मार म्हणतो ते. गोळ्या सुरू झाल्या, त्रास थांबला. दोन वर्षं एकही फिट नाही. आम्ही दोघेही खूश होतो.

ऑफिसच्या ग्रुपबरोबर ते गेले. शुक्रवारी रात्री काम संपवून निघाले, रात्रभर गाडीत गप्पा आणि गाणी. गाडी दुसऱ्याने चालवली, पण झोप कुणालाच नव्हती. रात्रीची गोळी डिकीतल्या बॅगेत राहिली. सकाळी उजाडता-उजाडता पोचले, चहा घेतला आणि थेट खाडीवर. तिथे एक फॉर्म भरायला दिला. त्यात प्रश्न होता: फिट, हृदयविकार, मधुमेह, दमा यांपैकी काही आहे का? त्यांनी "नाही" वर खूण केली.

सफर छान झाली. मधे फोटो काढायला सगळ्यांनी लाईफ जॅकेटचे बक्कल काढले. परत आले, अंघोळी झाल्या. दुपारी व्हरांड्यात जेवणाची वाट बघत बसलेले असताना त्यांना फिट आली. जीभ चावली गेली, खांद्याला मार बसला. सोमवारी ते माझ्यासमोर होते.

मी विचारलं, "फॉर्मवर 'नाही' का लिहिलंत?"

ते म्हणाले, "डॉक्टर, सगळे ऑफिसचे लोक शेजारी उभे होते. 'हो' लिहिलं असतं तर मला काठावर बसवलं असतं आणि सोमवारी अख्ख्या ऑफिसला कळलं असतं."

हीच फिट तीन तास आधी आली असती तर? पाण्यात, जॅकेट उघडं असताना? फिट चालू असताना माणूस हाक मारू शकत नाही, हात हलवू शकत नाही. अपस्मार असलेल्या व्यक्तींना बुडून मृत्यू येण्याचा धोका इतरांपेक्षा १५ ते १९ पट जास्त असतो, असं मोठ्या अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो.

आणि आता माझी चूक. गाडी चालवू नका, उंचीवर चढू नका, झोप मोडू नका, गोळी चुकवू नका, हे सगळं मी त्यांना सांगितलं होतं. पाण्याबद्दल एक शब्द बोललो नव्हतो. पुण्याजवळच्या गावात बसून मला वाटलंच नव्हतं की माझा रुग्ण खाडीत जाईल. त्या दिवसापासून मी दारात उत्तर देणं बंद केलं.

"शांत" म्हणजे "सुरक्षित" असं कुणी सांगितलं?

३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. तो व्हिडिओ आपल्यापैकी अनेकांनी पाहिला आहे. उसळत्या पाण्याची भीती डोळ्यांना दिसते, म्हणून पावसाळ्यात आपण निदान घाबरतो तरी. शांत पाणी तशी सूचना देत नाही. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात बुडून झालेल्या मृत्यूंची सरकारी नोंद ३५ हजारांच्या वर आहे, आणि त्यातले बरेच मृत्यू विहिरी, तळी, कालवे अशा साध्या दिसणाऱ्या पाण्यात होतात.

बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ओरडत नाही, हेही लक्षात ठेवा. त्याची सगळी धडपड श्वास घेण्यासाठी चाललेली असते. तोंड पाण्याच्या वर-खाली होत असतं, हात बाजूला पाणी दाबत असतात, आवाज निघत नाही. काही सेकंदांत, फार तर मिनिटभरात तो खाली जातो. मेंदूला चार-पाच मिनिटं प्राणवायू मिळाला नाही की कायमची इजा व्हायला सुरुवात होते. पाच जणांच्या रांगेत पुढे बघत चाललेल्या गाईडला मागच्याचं पडणं ऐकू येईलच असं नाही.

शिवाय खाडीचं पाणी तळ्यासारखं एका जागी राहत नाही. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. सहा-सव्वासहा तासांत सगळं पाणी आत येतं आणि तेवढ्याच वेळात बाहेर जातं. भरती-ओहोटीच्या मधल्या दोन तासांत ओढ सगळ्यात जास्त असते. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला ती आणखी वाढते, अष्टमीच्या भांगाला कमी होते. कोकणातली जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमारास. हा अंदाज आहे, नेमकी वेळ त्या बंदराच्या कोष्टकातूनच घ्यावी. पण तुम्ही गाईडला "आज भरती किती वाजता?" एवढं विचारलंत आणि तो गडबडला, तर तो गाईड नाही, फळी भाड्याने देणारा आहे असं समजा.

गाईड नुसता सोबत असून भागत नाही, हे दाखवणारी एक घटना सांगतो. ३० ऑक्टोबर २०२१ रोजी वेल्समध्ये हॅवरफर्डवेस्ट नावाच्या गावात नदीवर अशीच गाईडसह पॅडलबोर्डिंगची सफर निघाली. पावसाने नदीला पाणी चढलं होतं. वाटेत एक बंधारा होता. बहुतेकांना त्या धोक्याची आधी कल्पनाच दिलेली नव्हती. बंधाऱ्यावरून खाली जाऊन चार जण मरण पावले, त्यात एक गाईडही होता. सफर चालवणाऱ्या संचालिकेला २०२५ मध्ये साडेदहा वर्षांची शिक्षा झाली. शिक्षा झाली, पण गेलेली माणसं परत आली नाहीत. म्हणून निघण्याआधी प्रश्न विचारण्याची लाज वाटू देऊ नका.

फॉर्म कुणासाठी असतो?

आपल्याकडे फॉर्म म्हणजे कंपनीने स्वतःचे हात झटकण्यासाठी घेतलेली सही, असा समज आहे. तो अगदीच चुकीचा नाही. "मी स्वतःच्या जबाबदारीवर येत आहे" ही ओळ ठळक असते आणि आजारांचा प्रश्न बारीक अक्षरात. त्यामुळे लोक न वाचता "नाही, नाही, नाही" अशा खुणा करत खाली जातात. काही जण तर एकाच माणसाला सगळ्यांचे फॉर्म भरायला देतात.

पण त्या आजारांच्या रकान्याकडे माझ्या नजरेने बघा. पाण्यावर मी नसतो, तुमची फाईल नसते, तुमची बायको किंवा आई नसते. तुम्ही अचानक गप्प झालात, घाम फुटला, बडबडायला लागलात, तर गाईडकडे तुमच्याबद्दल फक्त तो कागद असतो. शुगर कमी झालेला माणूस दारू प्यायल्यासारखा दिसतो. गाईडला तुम्ही मधुमेही आहात हे माहीत असेल तर तो साखर देईल. माहीत नसेल तर "काल रात्रीची उतरली नाही वाटतं" म्हणून हसेल.

आता दुसरी बाजू. जो माणूस खरं लिहितो त्याला आपण काय देतो? सगळ्यांसमोर "तुम्ही नाही येऊ शकत" एवढंच. मग पुढच्या वेळी तो खोटं लिहिणार. त्यामुळे सफरी चालवणाऱ्यांनाही माझं सांगणं आहे. फॉर्म मराठीत ठेवा. आजारांबद्दल एकेकट्याला बाजूला घेऊन विचारा. आणि "हो" म्हणणाऱ्याला घरी न पाठवता त्याच्यासाठी वेगळी सोय ठेवा: दोघांची कयाक, गाईड शेजारी, उभं न राहता बसून जाणं, किंवा साधी वल्हवायची होडी. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणात अशा व्यावसायिकांनी नोंदणी करणं अपेक्षित आहे. नोंदणी आहे का, हे तुम्हीही बुकिंग करताना विचारा.

आणि ऑफिसच्या ग्रुपला एक विनंती. कुणी "मी होडीत बसतो" म्हणालं तर "का रे, घाबरलास?" असं विचारू नका. माझ्या रुग्णाने खोटं लिहिलं ते गाईडला फसवायला नव्हे, तुम्हाला घाबरून.

माझे चार प्रश्न

आता जे मी ओपीडीत विचारतो ते तुम्हालाही विचारतो.

*पहिला: गेल्या वर्षभरात कधी शुद्ध हरपली होती का?* फिट, चक्कर येऊन पडणं, शुगर एकदम उतरणं, यांपैकी काहीही. उत्तर "हो" असेल तर यंदा फळीवर उभं राहू नका. फिट येऊन वर्षापेक्षा जास्त काळ झाला असला तरी आधी डॉक्टरांशी बोला, गोळी चुकवू नका, पूर्ण झोप घ्या आणि शेजारी असा माणूस ठेवा ज्याला तुमचा आजार माहीत आहे.

*दुसरा: छातीत दुखतं का, जिना चढताना दम लागतो का?* दोन मजले न थांबता चढता येत नसतील तर आधी तपासणी. नुकताच हार्ट अटॅक येऊन गेला असेल, स्टेंट बसवला असेल, बीपी ताब्यात नसेल, तर हृदयरोगतज्ज्ञांनी "चालेल" म्हटल्याशिवाय नको.

*तिसरा: कोणती औषधं चालू आहेत?* इन्सुलिन आणि ग्लिमेपिराईडसारख्या काही गोळ्यांनी व्यायामात शुगर उतरू शकते. त्यांनी नाश्ता करूनच निघावं आणि पाणी न शिरणाऱ्या पाऊचमध्ये साखर किंवा ग्लुकोज अंगावरच ठेवावं. तीन-चार चमचे पुरतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी पडून डोक्याला मार बसण्याचा धोका लक्षात घ्यावा. सर्दीच्या आणि गाडी लागू नये म्हणून घेतलेल्या अनेक गोळ्यांनी झोप येते. कोकणचा घाट उतरताना घेतलेली गोळी सकाळी फळीवरही काम करत असते.

*चौथा: आदल्या रात्री किती झोपणार, काय पिणार?* जांबे ते सिंधुदुर्ग म्हणजे रात्रभराचा प्रवास. पोचल्या पोचल्या पाण्यात उतरू नका. पहिला दिवस आराम, सफर दुसऱ्या दिवशी सकाळी. आदल्या रात्री दारू नको, आणि पाण्यावर जाताना तर एक घोटही नको. "थंडगार बिअर फक्त" हाही अपवाद नाही.

याशिवाय गरोदर महिला, खांदा निखळण्याचा त्रास असलेले, कुशीवर वळताना गरगरणारे, नुकतंच मोतीबिंदूचं किंवा कुठलंही ऑपरेशन झालेले, यांनी उभ्याने जाणं टाळावं.

भोपळा आणि लाईफ जॅकेट

आमच्या गावातल्या सत्तरीच्या आजोबांना विचारा, पोहायला कसे शिकलात. ते सांगतील: विहिरीत. पाठीला सुकलेला भोपळा, नाहीतर पांगाऱ्याचा बिंडा, तोही नसला तर पत्र्याचा बंद डबा. दोरी नीट आवळली आहे का, ते बाप किंवा काका स्वतः ओढून बघायचा आणि मगच विहिरीत ढकलायचा. भोपळा बांधायची कुणाला लाज नव्हती.

आज त्याच गावाच्या सोसायट्यांमध्ये चार फूट खोल स्विमिंग पूल आहेत आणि त्यात शिकलेल्या माणसाला वाटतं, मला पोहता येतं, मला जॅकेट कशाला? दादा, शुद्धीत असाल तरच पोहता येतं. फिट आली, डोकं फळीवर आपटलं, हृदय गडबडलं, तर तुमचं पोहणं उपयोगाचं नाही. तेव्हा तरंगवतं ते जॅकेट.

जॅकेट हे औषधासारखं आहे. अर्धा डोस चालत नाही.

- ते तुमच्या मापाचं हवं. सगळे बक्कल लावा, पट्टे आवळा. मग कुणाला तरी खांद्यापाशी धरून वर ओढायला सांगा. ते हनुवटीपर्यंत सरकलं तर ढिलं आहे.
- लहान मुलांच्या जॅकेटला मांड्यांमधून जाणारा पट्टा हवा, नाहीतर मूल खाली सरकतं आणि जॅकेट वर राहतं.
- काठ सोडल्यापासून काठाला लागेपर्यंत ते काढायचं नाही. फोटो जॅकेटसकट चांगला येतो.
- फळीला बांधणारी दोरी घोट्याला असते. वाहत्या पाण्यात, मुळांच्या आणि खांबांच्या जवळ ती अडकू शकते. अशा ठिकाणी कमरेला पट्टा आणि एका झटक्यात सुटणारी दोरी चांगली. "अडकली तर सोडायची कशी?" हे काठावर दोनदा करून बघा.

ऊन आणि कालवं

खारफुटीत वारा कमी आणि दमटपणा जास्त. घाम येतो पण वाळत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही. डोकं दुखणं, पोटऱ्यांत गोळे येणं, मळमळणं ही उन्हाचा त्रास सुरू झाल्याची लक्षणं. टोपी, लांब बाह्यांचा सुती किंवा लवकर वाळणारा शर्ट, सोबत पाणी. सफर सकाळी लवकर संपवा. परत आल्यावर ओआरएस घ्या, नाहीतर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. कोकम सरबतही चांगलं, मधुमेहींनी त्यातली साखर मोजावी.

मुळांना आणि खडकांना कालवं चिकटलेली असतात. त्यांची धार ब्लेडसारखी असते. म्हणून अनवाणी जाऊ नका, मुळांना हात लावू नका. कापलंच तर पिण्याच्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने भरपूर धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवा. मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्यांनी विशेष जपावं. खाडीच्या कोमट मचूळ पाण्यातले काही जंतू त्यांच्यात फार वेगाने पसरतात. जखमेभोवती लाली वाढली, फोड आले, ताप आला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

कुणी बुडताना दिसलं तर

१. पोहणं येत असलं तरी एकदम उडी मारू नका. दोरी, वल्हं, फळी, रिकामा कॅन, जे हाताला लागेल ते त्याच्याकडे फेका किंवा पुढे करा. १०८ किंवा ११२ ला फोन करायला एकाला सांगा.

२. बाहेर काढल्यावर सपाट जागी उताणं झोपवा. हाका मारा, श्वास बघा.

३. श्वास नसेल तर डोकं थोडं मागे करून हनुवटी उचला, नाक दाबा आणि तोंडाने पाच श्वास द्या. बुडालेल्याला आधी श्वास लागतो. मग छातीच्या मध्यभागी ३० दाब आणि २ श्वास, हे मदत येईपर्यंत चालू ठेवा. श्वास देता येत नसेल तर निदान छाती दाबत राहा.

४. पोट दाबून पाणी काढणं, उलटं टांगणं, खांद्यावर टाकून पळणं, यातलं काहीही करू नका. त्यात मोलाची मिनिटं जातात आणि उलटी फुप्फुसात जाऊ शकते.

५. शुद्धीवर आला, "मी बरा आहे" म्हणाला, तरी रुग्णालयात न्या. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास पुढच्या काही तासांत वाढू शकतो, म्हणून सहा ते आठ तास देखरेख लागते.

शेवटी

ज्यांनी उभं राहू नये असं मी वर लिहिलं, त्यांनी नाराज होऊ नका. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिला २०१७ पासून कांदळवनाची सफर घडवतात. त्या स्वतः होडी वल्हवतात आणि झाडं, पक्षी, खेकडे नावानिशी दाखवतात. तीच खारफुटी, तेच शांत पाणी, आणि तुम्ही बसलेले. जॅकेट मात्र तिथेही घालायचं. माझ्या त्या रुग्णाने यंदा ऑफिसच्या ग्रुपला स्वतःहून सांगितलं, "मला फिटचा त्रास आहे, मी होडीत बसेन." कुणी हसलं नाही. उलट ग्रुपमधला आणखी एक जण म्हणाला, "मीही होडीत येतो. मला इन्सुलिन चालू आहे, मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं."

तुमच्या घरातलं कुणी या सुट्टीत पाण्यावर जाणार असेल तर त्यांना हा लेख वाचायला द्या. आणि तुम्ही जाणार असाल तर दारात उभं राहून विचारू नका. दोन मिनिटं बसा.

काळजी घ्या.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमचा आजार आणि औषधं यांबाबतचा निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.)